स्टारडम आणि अभिनय वर्गात शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसास्वाद शिबिरांत, पदवीच्या माध्यमवर्गांत आणि पदव्युत्तर चित्रपट अभ्यासात शिकणारे आणि शिकवणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे केवळ प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चित्रपट अभ्यास म्हणजे दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन. त्यात स्टार आणि अभिनय कशासाठी शिकवायचे?

प्रेक्षक तिकीट काढतो ते बहुधा कोणाला तरी पाहण्यासाठी, आणि पडद्यावरचा अर्थही त्याच्यापर्यंत प्रामुख्याने माणसांच्या चेहऱ्यांतून, आवाजांतून आणि हालचालींतून पोहोचतो. तरीही हे दोन्ही विषय अभ्यासक्रमाच्या कडेला पडले, आणि त्यांची कारणे वेगवेगळी आहेत. अभिनय मागे पडला, कारण त्याला नाव देणे अवघड जाते. ‘लो अँगल’ (खालून वर रोखलेला कॅमेरा) किंवा ‘डिझॉल्व्ह’ (एक चित्र विरत दुसरे उमटणे) ओळखण्याची ठरलेली रीत आहे. नटाने वाक्याच्या मध्येच घेतलेल्या विरामाला तशी ठरलेली संज्ञा नाही. स्टारडम मागे पडले ते त्याला हलके समजले गेले म्हणून. १९७९ मध्ये ब्रिटिश चित्रपट अभ्यासक रिचर्ड डायर यांचे ‘स्टार्स’ हे पुस्तक आले आणि स्टार हा समाजशास्त्राचा व चिन्हमीमांसेचा (चिन्हांतून अर्थ कसा घडतो, या अभ्यासाचा) गंभीर विषय होऊ शकतो, हे विद्यापीठांनी मान्य केले. आपल्याकडील वर्गांत मात्र आजही विद्यार्थी कॅमेऱ्याची उंची बिनचूक सांगतो आणि त्याच चौकटीत उभ्या असलेल्या नटीने काय केले, यावर त्याला दोन ओळी लिहिता येत नाहीत.

२. स्टारचा अभ्यास म्हणजे शेवटी गॉसिपच नव्हे का?

गॉसिप हे साहित्य आहे, पद्धत नव्हे. डायर यांच्या मांडणीनुसार स्टारची प्रतिमा चार प्रकारच्या मजकुरांतून घडते: निर्मात्यांनी केलेली जाहिरात, वृत्तपत्रांतून व मासिकांतून ‘फुटलेली’ माहिती, स्वतः चित्रपट, आणि समीक्षकांचे लेखन. या चौघांचे एकमेकांशी जुळतेच असे नाही, आणि अभ्यासकाला रस असतो तो नेमका या न जुळण्यात. अमुक घटना खरोखर घडली का, हा चरित्रकाराचा प्रश्न झाला. ती गोष्ट इतक्या वेळा, याच शब्दांत आणि याच काळात का सांगितली गेली, हा आपला प्रश्न आहे.

‘मदर इंडिया’ (१९५७) च्या चित्रीकरणात लागलेल्या आगीतून सुनील दत्त यांनी नर्गिस यांना वाचवले आणि १९५८ मध्ये दोघांचा विवाह झाला, ही हकिकत चित्रपटाइतकीच प्रसिद्ध आहे. पडद्यावर ते आई आणि मुलगा होते. आधी राज कपूर यांच्याशी नाव जोडले गेलेली नायिका, मग राष्ट्राची माता, मग आदर्श पत्नी, असा प्रतिमेचा प्रवास ज्या तऱ्हेने सांगितला गेला, त्यातून त्या काळाच्या स्त्रीविषयक अपेक्षा स्पष्ट दिसतात. नर्गिस, मारधाडपटांची नायिका फिअरलेस नादिया आणि स्मिता पाटील या तिघींवर बेहरोज गांधी व रोझी थॉमस यांनी लिहिलेला निबंध १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात याच पद्धतीचे काम आहे आणि तो पदवीच्या वर्गालाही झेपतो.

३. अभिनेता आणि स्टार यांच्यात नेमका फरक कोणता? जो उत्तम अभिनेता, तो स्टार नसतो, असे म्हणता येईल का?

असे म्हणता येणार नाही. अभिनय हे काम आहे आणि स्टार ही त्या कामाभोवती व त्याबाहेर जमलेली प्रतिमा आहे, त्यामुळे एकाच व्यक्तीत दोन्ही असू शकतात आणि बहुधा असतातच. अभ्यासक बॅरी किंग यांनी केलेला भेद वर्गात उपयोगी पडतो: काही नट भूमिकेत स्वतःला लपवतात, तर काही नट प्रत्येक भूमिकेला स्वतःच्या ओळखीच्या रूपाकडे ओढून आणतात. पहिला प्रकार श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ, हा निष्कर्ष विद्यार्थी फार लवकर काढतात. दुसऱ्या प्रकारातही शिस्त लागते. एकच रूप वीस वर्षे टिकवणे आणि तरी कंटाळवाणे होऊ न देणे हे सोपे काम नाही. मराठीतील उदाहरणे प्रश्न १० मध्ये आहेत.

४. स्टारची सुरुवात कधी झाली? भारतात पहिला स्टार कोण?

अमेरिकेत प्रारंभीच्या चित्रपटांत नटांची नावे सहसा दिली जात नसत. १९१० मध्ये निर्माते कार्ल लेमली यांनी फ्लॉरेन्स लॉरेन्स या अभिनेत्रीच्या मृत्यूची अफवा आणि तिचे जाहीर खंडन या दोहोंचा वापर करून तिचे नाव घरोघरी नेले, ही कथा पाठ्यपुस्तकांत हटकून येते. चित्रपट इतिहासकार रिचर्ड डिकॉर्डोव्हा यांनी मात्र सावध केले आहे की नाव माहीत होणे ही केवळ पहिली पायरी. नटाचे खासगी आयुष्य चर्चेचा विषय झाले, तेव्हाच खऱ्या अर्थाने स्टार जन्मला.

भारतात ‘पहिला कोण’ या प्रश्नात फारसे हाती लागत नाही. त्याऐवजी अण्णा साळुंके यांच्यापाशी थांबावे. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये त्यांनी तारामती केली आणि ‘लंका दहन’ (१९१७) मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. प्रेक्षकांनी एकाच शरीरात दोघांना स्वीकारले, याचा अर्थ भूमिका आणि शरीर यांच्या नात्याविषयीचे त्यांचे संकेत आपल्यापेक्षा निराळे होते. ते संकेत मराठी संगीत रंगभूमीवरून आले होते, आणि तो धागा प्रश्न ७ मध्ये पुढे नेला आहे.

५. अभिनयावर लिहिताना ‘सहज’, ‘दमदार’, ‘ताकदीचा’ यापलीकडे मला काही सुचत नाही. अभिनयाचे वर्णन करायचे तरी कसे?

आलेल्या सर्व प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याला सर्वाधिक वेळ द्यावा. विशेषण हा निकाल असतो, आणि निकाल देण्यापूर्वी पुरावा मांडावा लागतो. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत विद्यार्थ्यांना विशेषण वापरण्याची पूर्ण मनाई करावी आणि केवळ क्रियापदे व नामे वापरून लिहायला सांगावे: नट कुठे पाहतो, किती वेळ पाहतो, हात कशात गुंतले आहेत, वाक्य कोठे तुटते, श्वास ऐकू येतो का, समोरच्या माणसापासून तो किती अंतरावर उभा आहे आणि ते अंतर कोण कमी करतो.

यासाठी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) फार उपयोगी आहे, कारण त्यातील कॅमेरा बराच वेळ एका जागी स्थिर असतो आणि नटाच्या कामावर संकलनाचे पांघरूण पडत नाही. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेली सरकारी वकील न्यायालयात कायद्यातील कलमे वाचते ती सपाट सुरात, घाईने, ज्या वाक्यावर कोणत्याही नटाने हमखास जोर दिला असता त्या वाक्यावरही न थबकता. पुढे तीच बाई लोकलमध्ये शेजारच्या बाईशी घरगुती गप्पा मारते, घरी येऊन स्वयंपाक करते, कुटुंबासह नाटकाला जाते. आता ‘त्यांचा अभिनय अतिशय सहज आहे’ या वाक्याऐवजी विद्यार्थ्याने असे लिहावे: ‘न्यायालयात तिच्या आवाजाला चढउतार नाहीत आणि लोकलमध्ये ते आहेत, म्हणजे निर्विकारपणा हा तिचा स्वभाव नसून कामाच्या जागेची सवय आहे, आणि एका माणसाचे स्वातंत्र्य हिरावणारी कलमे ती सवयीने वाचते, द्वेषाने नाही.’ या वाक्यात एकही स्तुतिपर विशेषण नाही आणि तरीही त्यात चित्रपटाचा अर्थ आला आहे. वर्णन नीट झाले की अर्थ बहुधा आपोआप वर येतो.

सरावासाठी तीन ते चार मिनिटांचा एकच प्रसंग तीनदा पाहावा: एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून केवळ ऐकत, आणि शेवटी दोन्ही एकत्र. पहिल्या दोन वेळांच्या टिपणांत जे आले नव्हते आणि तिसऱ्या वेळी दिसले, त्यावर परिच्छेद लिहावा. मोठा प्रसंग घेऊ नये. विद्यार्थी कथानक सांगू लागतात.

६. पण चित्रपटात अभिनय संकलकच घडवतो ना? कुलेशॉव्हचा प्रयोग तेच सांगतो.

सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी मोझुखिन या नटाचा एकच चेहरा निरनिराळ्या चित्रांशेजारी ठेवला आणि प्रेक्षकांना त्यात भूक, शोक वगैरे भाव दिसले, असे सांगितले जाते. या प्रयोगाची मूळ फीत उपलब्ध नाही आणि आपल्यापर्यंत त्याची वर्णनेच पोहोचली आहेत, हे वर्गात आवर्जून सांगावे. प्रयोग जसाच्या तसा मान्य केला तरी त्यातून सिद्ध होते ते एवढेच की संदर्भ बदलला की चेहऱ्याचा अर्थ बदलतो. चेहऱ्याने काहीच केले नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय मोझुखिन हे त्या काळचे रशियातील नामांकित स्टार होते. त्यांच्या जागी रस्त्यावरचा अनोळखी माणूस असता, तर प्रेक्षकांनी इतक्या उत्साहाने भाव शोधले असते का, हा प्रश्न स्टारडमचा आहे आणि तो फारसा विचारला जात नाही.

७. आमचे सर म्हणतात, जुन्या मराठी चित्रपटांतील अभिनय ‘नाटकी’ आहे. हे बरोबर आहे का?

‘नाटकी’ हा शब्द वर्गात टीका म्हणून वापरू नये. नाटकाच्या कोणत्या परंपरेतून कोणती सवय आली, हे सांगता आले तरच तो शब्द वापरावा. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये तीन निरनिराळ्या अभिनयशैली एकाच चौकटीत नांदतात, आणि दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकद्वयाने त्या एकसारख्या करण्याचा प्रयत्न केलेला नाही. विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत आलेले गायक नट. त्यांचा तुकाराम मिटल्यासारखे डोळे, संथ हालचाल आणि गाणे यांतून उभा राहतो. गौरी यांची जिजाई याच्या नेमकी उलट आहे: तिचे हात सतत संसारात गुंतलेले, बोलणे तोडून टाकणारे, आणि मुलाच्या आजारपणात तर ती वहाण घेऊन थेट पांडुरंगावर धावून जाते. तिसरा सालोमालो. भागवत यांनी केलेला हा खलपुरुष तुकोबांचे अभंग चोरून आपल्या नावावर खपवतो, आणि त्याचा नखरा, ठसका व तानबाजी ही उघडउघड बैठकीची व रंगमंचाची आहे.

आता गंमत पाहा. सालोमालो ‘नाटकी’ आहे, कारण तो ढोंगी आहे, आणि दिग्दर्शकांनी ढोंग दाखवण्यासाठी रंगमंचीय शैली हेतूपूर्वक वापरली आहे. म्हणजे १९३६ सालच्या मराठी चित्रपटकर्त्यांना नाटकीपणा म्हणजे काय, हे आजच्या अनेक समीक्षकांपेक्षा चांगले कळत होते. माझ्या मते मराठी वर्गाने अभिनयाची सुरुवात याच चित्रपटाने करावी.

रंगभूमीची कीर्ती पडद्यावर आपोआप उतरते असेही नाही. प्रभातच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) मध्ये बालगंधर्वांनी संत एकनाथांची पुरुषभूमिका केली. रंगमंचावरील ज्या स्त्रीरूपावर महाराष्ट्र लुब्ध होता ते रूपच त्या भूमिकेत नव्हते. पागनिसांचे मात्र उलट झाले. तुकारामाच्या भूमिकेने त्यांचा पूर्वीचा सर्व परिचय पुसून टाकला, आणि पुढे त्यांच्या वाट्याला तुलसीदास व नरसी भगत अशा संतांच्याच भूमिका आल्या.

८. ‘नट बदलून पाहा’ हा सराव नेमका कसा करायचा?

अभ्यासक जॉन ओ. थॉम्प्सन यांनी १९७८ मध्ये ही कल्पना मांडली. एखाद्या भूमिकेत मनातल्या मनात दुसरा नट बसवायचा आणि अर्थात काय फरक पडतो ते नोंदवायचे. जेथे फरक पडतो, तेथे मूळ नटाचे काहीतरी कार्य होते. अडचण अशी की कल्पनेत विद्यार्थी आपला आवडता नट बसवतात आणि चर्चा मतदानाकडे वळते. म्हणून प्रत्यक्षात झालेले बदल वापरावेत. ‘सैराट’ (२०१६) मधील आर्ची रिंकू राजगुरू या अकलूजच्या नवख्या मुलीने केली. हिंदी ‘धडक’ (२०१८) मध्ये तीच भूमिका जान्हवी कपूर यांच्याकडे गेली. तो त्यांचा पहिला चित्रपट होता, पण प्रेक्षक श्रीदेवी यांची मुलगी म्हणून त्यांना आधीपासून ओळखत होता. नवखेपणा दोघींतही होता, तरी ‘नवी’ या शब्दाचा अर्थ दोन ठिकाणी एक नाही, आणि जातीच्या प्रश्नावरच्या कथेत या फरकाचे वजन फार आहे. शिवाय २०१७ च्या कन्नड आवृत्तीत रिंकू राजगुरूच होत्या, म्हणजे नटी तीच, भाषा व प्रदेश वेगळे, अशी तिसरी बाजूही हाताशी आहे.

याच सरावासाठी ‘नटसम्राट’ही घेता येतो: १९७० मध्ये रंगमंचावर डॉ. श्रीराम लागू आणि २०१६ च्या चित्रपटात नाना पाटेकर. येथे माध्यमही बदलते, म्हणून हे उदाहरण दुसऱ्या सत्रासाठी राखून ठेवावे.

९. पार्श्वगायन असेल तर गाण्यातील अभिनय कोणाचा धरायचा?

दोघांचा, आणि हे दोघे एकमेकांना नेहमी झाकतात असे नाही. ‘महल’ (१९४९) मधील ‘आएगा आनेवाला’ या गाण्याच्या तबकडीवर प्रारंभी गायिकेचे नाव नव्हते. ‘कामिनी’ हे पडद्यावरील पात्राचे नाव छापले होते. लता मंगेशकर यांचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले आणि आवाजाचे स्वतंत्र स्टारडम उभे राहिले. चित्रपट अभ्यासक नीपा मजुमदार यांनी याचे विवेचन केले आहे. वर्गात नोंद करताना आवाजाचे काम आणि शरीराचे काम अशा दोन स्वतंत्र ओळी ठेवाव्यात: ओठ कोठे जुळतात, श्वासाच्या जागी नटी काय करते, अंतऱ्याआधीच्या वाद्यसंगीतात ती काय करते. हिंदी व मराठी चित्रपटांतील कितीतरी उत्कृष्ट अभिनय या वाद्यसंगीताच्या जागांत दडलेला आहे.

१०. मराठीत स्टार कुठे आहेत? मराठी प्रेक्षक कथा पाहायला जातो, असे ऐकतो.

हे वाक्य मराठी माणसाला स्वतःविषयी ऐकायला आवडते, पण इतिहास त्याला दुजोरा देत नाही. ‘सोंगाड्या’ (१९७१) पासून दादा कोंडके यांचे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ढगळ अर्धी चड्डी, लोंबणारी नाडी, भाबड्या चेहऱ्याने केलेली द्व्यर्थी वाक्ये हे सर्व चित्रपटागणिक तेच होते, आणि तेच असावे म्हणून प्रेक्षक येत होता. हा प्रश्न ३ मधील दुसरा प्रकार अगदी शुद्ध रूपात आहे. त्याला स्टार न म्हणता ‘विनोदी नट’ म्हणून बाजूला ठेवणे, यात अभ्यासकांची वर्गीय अभिरुची दिसते. ऐंशीच्या दशकातील अशोक सराफ व लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याबाबतही हेच घडले आहे: ‘लक्ष्या’ हे लाडाचे नाव महाराष्ट्रभर झाले, पण त्यांच्या शरीराच्या लयीवर गंभीर लेखन अत्यल्प आहे.

निळू फुले यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि शिकवायला फार चांगले आहे. राष्ट्र सेवा दलात घडलेला, वगनाट्यातून आलेला हा नट पडद्यावर बेरकी पाटील, पुढारी आणि स्त्रीलंपट सावकार म्हणून इतका ठसला, की खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना खरोखर घाबरत, असे ते स्वतः सांगत. प्रत्यक्षात ते सामाजिक चळवळींतले कार्यकर्ते होते आणि कार्यकर्त्यांना आधार देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात डॉ. लागू यांच्यासोबत होते. ‘सामना’ (१९७५) मध्ये हेच दोघे एकमेकांसमोर उभे आहेत: फुले यांचा साखरसम्राट हिंदुराव आणि लागू यांचा दारूत बुडालेला मास्तर. एकाचा अभिनय लोकनाट्यातून आलेला आणि दुसऱ्याचा प्रायोगिक रंगभूमीवरून, आणि चित्रपटातील सत्तासंघर्ष या दोन शैलींच्या संघर्षातूनही दिसतो.

डायर यांनी प्रतिमा आणि भूमिका यांचे तीन संबंध सांगितले आहेत: प्रतिमेतील काही भाग निवडून घेणे, प्रतिमा आणि भूमिका तंतोतंत जुळणे, आणि दोहोंत विसंगती असणे. ‘सामना’ जुळण्याचे उदाहरण ठरते. ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये मात्र निळू फुले दिगू टिपणीस हे पत्रकार आहेत, सत्तेचा खेळ बाजूने पाहणारे. गावच्या पाटलाच्या चेहऱ्यावर प्रेक्षकाने आधीच जो संशय लावून ठेवला आहे, तो या साक्षीदारालाही चिकटतो. ही विसंगती चित्रपटाला तारते की मारते, यावर वर्गात एकमत होत नाही, आणि ते होऊ देण्याची घाई शिक्षकाने करू नये.

११. नवख्या किंवा अव्यावसायिक कलाकारांच्या कामाला अभिनय म्हणायचे का?

म्हणायचे. ‘तो तर स्वतःसारखाच वागला’ हे विधान तपासून पाहावे, कारण कॅमेऱ्यासमोर त्याच जागेवरून चौथ्यांदा ‘स्वतःसारखे’ चालत येणे हे कौशल्याचे काम आहे. ‘कोर्ट’ मधील लोकशाहीर नारायण कांबळे ही भूमिका करणारे वीरा साथीदार प्रत्यक्षातही चळवळीतले कार्यकर्ते होते. त्यांचे चालणे-बोलणे त्यांच्या आयुष्यातून आले आहे हे खरे, पण कोणत्या क्षणी ते किती दाखवायचे, याची निवड दिग्दर्शकाची व त्यांची आहे. याच चित्रपटात प्रशिक्षित नटीचे काम (प्रश्न ५) शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्ही कामांतील सांधा बहुतेकांना सापडत नाही. एक सावधगिरी मात्र हवी: नवखा कलाकार गाजला की त्याच क्षणापासून त्याची प्रतिमा तयार होऊ लागते, आणि दुसऱ्या चित्रपटात तो नवखा उरत नाही.

१२. नटनट्यांची आत्मचरित्रे पुरावा म्हणून वापरता येतात का?

येतात, परंतु साक्ष म्हणून. निकाल म्हणून नव्हे. मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. अभिनेत्री शांता आपटे यांनी १९३९ मध्ये प्रभातच्या दारात उपोषण केले आणि पुढच्याच वर्षी चित्रपटधंद्याचे वाभाडे काढणारे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. ‘कुंकू’ (१९३७) मध्ये म्हाताऱ्याशी लावलेले लग्न नाकारणारी नीरा त्यांनीच केली होती. पडद्यावरचे बंड आणि फाटकावरचे बंड यांत प्रेक्षकाने केलेली सरमिसळ हा स्टारच्या प्रतिमेचा उत्तम धडा आहे, शिवाय स्टार हाही कराराने बांधलेला कामगार असतो, हे या प्रकरणाइतके नेटके क्वचितच दिसते.

दुसरे उदाहरण अभिनेत्री हंसा वाडकर यांचे. ‘सांगत्ये ऐका’ हे त्यांचे आत्मकथन अरुण साधू यांनी शब्दांकित केले, त्यावरून ‘भूमिका’ (१९७७) हा हिंदी चित्रपट निघाला आणि त्यासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका नटीचे आयुष्य, तिने सांगितलेले आयुष्य, दुसऱ्याने लिहिलेले आयुष्य आणि तिसरीने साकारलेले आयुष्य, असे चार थर येथे आहेत. विद्यार्थी चौथ्या थरावरून थेट पहिल्यावर उडी मारतात. मधले दोन थर ओलांडल्याशिवाय उत्तराला गुण देऊ नयेत.

१३. मला माझ्या आवडत्या स्टारवर प्रबंध लिहायचा आहे. चाहता असणे हा दोष आहे का?

दोष नाही. चाहत्याला जुनी मुलाखत, रद्द झालेला चित्रपट, बदललेली केशरचना हे तपशील पाठ असतात आणि त्रयस्थ अभ्यासकाला ते जमवायला वर्ष लागते. अट एवढीच की विषय ‘अमुक यांचे योगदान’ असा नसावा. त्यात उत्तर आधीच ठरलेले असते. काळ, माध्यम आणि प्रश्न मर्यादित करावा, उदाहरणार्थ पाच वर्षांतील मासिकांची मुखपृष्ठे किंवा एकाच दिग्दर्शकाबरोबरचे तीन चित्रपट. जुनी पत्रके, पुस्तिका आणि छायाचित्रांसाठी पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय गाठावे. १९६४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आहे.

१४. ज्या स्टारवर गंभीर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याचे चित्रपट वर्गात दाखवावेत का?

दाखवणे म्हणजे गौरव करणे नव्हे, हे खरे असले तरी केवळ तेवढ्यावर विषय सोडून देऊ नये. पर्यायी उदाहरण असेल तर ते घ्यावे; नसेल तर प्रसंगाआधी माहिती द्यावी आणि ज्याला उठून जायचे असेल त्याला जाऊ द्यावे. आरोप आणि सिद्ध गुन्हा यांतील फरक शिक्षकाने शब्दांत पाळलाच पाहिजे. प्रतिमा अशा प्रसंगी कशी सावरली जाते, कोणते जुने चित्रपट पुन्हा आठवले जातात आणि कोणते विसरले जातात, हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे.

१५. स्टार राजकारणात गेला, तर तो चित्रपट अभ्यासाचा विषय राहतो का?

राहतो, आणि त्यावरील भारतीय लेखन जागतिक दर्जाचे आहे. एम. एस. एस. पांडियन यांनी १९९२ मध्ये तमिळ नट व मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांच्यावर लिहिलेले ‘द इमेज ट्रॅप’ आणि एस. व्ही. श्रीनिवास यांचे तेलुगू स्टार चिरंजीवी व त्यांच्या चाहतेसंघांवरील काम ही दोन पुस्तके पुरेशी आहेत. ते निष्कर्ष महाराष्ट्राला तसेच लावू नयेत. आपल्याकडे नटांनी निवडणुका लढवल्या, पण पडद्यावरची प्रतिमा हाच पक्षाचा पाया, असे येथे घडलेले नाही.

१६. वर्गात चित्रपटातील तुकडे दाखवणे कायदेशीर आहे का?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणासाठी अपवाद आहेत. शैक्षणिक संस्थेच्या कामाचा भाग म्हणून, विद्यार्थी, कर्मचारी, पालक व संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरता प्रेक्षकवर्ग मर्यादित ठेवून चित्रपट दाखवता येतो. बाहेरच्या लोकांना खुले असलेले, तिकीट लावलेले किंवा आंतरजालावर सर्वांसाठी टाकलेले प्रदर्शन या सवलतीत बसत नाही. घरी पाहण्यासाठी घेतलेल्या ओटीटी वर्गणीच्या अटी वेगळ्या असतात, तेव्हा त्या वाचाव्यात आणि शंका असल्यास संस्थेच्या ग्रंथपालांना किंवा विधी सल्लागाराला विचारावे.

१७. डीपफेक (संगणकाने बनवलेले खोटे चेहरे) आणि कृत्रिम आवाज आल्यानंतर हा विषय कालबाह्य होणार का?

उलट त्याला नवे प्रकरण जोडले गेले आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांच्या आणि २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या बाजूने दिलेल्या आदेशांत नाव, आवाज व प्रतिमा यांच्या अनधिकृत वापराला मनाई केली. ढब, लकब आणि उच्चार ही मालमत्ता ठरू शकते का, या वादात अभिनयाचे बारीक वर्णन (प्रश्न ५) थेट उपयोगाला येते. बच्चन यांच्याच ‘कुली’ (१९८३) मध्ये, ज्या मारामारीत त्यांना प्रत्यक्ष दुखापत झाली तेथे चित्र क्षणभर गोठते आणि तसे पडद्यावर लिहून येते. नटाचे खरे शरीर आणि पडद्यावरची प्रतिमा यांची गाठ चित्रपटानेच सोडून दाखवल्याचे हे उदाहरण कृत्रिम प्रतिमांच्या तासाला आवर्जून दाखवावे.

१८. अभिनयावरील उत्तरे तपासायची कशी? प्रत्येकाचे मत वेगळे असते.

मताला गुण नाहीत, असे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. चार गोष्टी तपासाव्यात: वर्णन पडद्यावर पडताळता येते का, अभिनय, छायाचित्रण व संकलन यांचे श्रेय वेगळे केले आहे का, नटाविषयीची आधीची माहिती आणि या चित्रपटातील काम यांत गल्लत झाली आहे का, आणि निष्कर्ष वर्णनातून निघतो का. पैकी पहिल्या निकषाला निम्मे गुण ठेवावेत. एकाच प्रसंगावर परस्परविरुद्ध निष्कर्ष काढणाऱ्या दोन उत्तरांना सारखेच उत्तम गुण मिळू शकतात, आणि तशी जोडी सापडली तर विद्यार्थ्यांच्या संमतीने, नावे झाकून, ती पुढील वर्षीच्या वर्गाला वाचायला द्यावी. गटचर्चेचे गुण लेखी उत्तरात मिसळू नयेत, कारण बोलक्या विद्यार्थ्याचा ठाम सूर ऐकणाऱ्याला पुराव्यासारखा वाटू लागतो.